आकडी आटोक्यात आली, पण पोर शिकलेलं विसरतंय. काय तपासायला सांगू?

मलप्रभाकाठची
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातनं लिहितेय. भाच्याबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भाचा आता सव्वाचार वर्षांचा. चालायला वेळेवर लागला, बोलायला मात्र उशीर. "बापावर गेलाय, तोही उशिरा बोलला," असं आमची आई सगळ्यांना सांगायची. तीन वर्षांचा झाला आणि तापात पहिली आकडी आली. तापातली म्हणून आम्ही धीर धरला. पुढं बिनतापाच्याही यायला लागल्या. एक औषध झालं, मग दुसरं जोडलं. मोठी फिट आता महिन्यातनं एखादी. डॉक्टर म्हणाले, फरक आहे, चालू ठेवा.

फिटचं मी समजू शकते. मला खातंय ते वेगळंच. आमचं घर जांबोटी रोडला लागून. लांबनं गाडीचा आवाज आला की हा अंगणातनं ओरडायचा, "एष्टी आली!" गाडी कर्नाटकाची असली तरी त्याला एष्टीच. गणपतीत असं म्हणायचा. दिवाळीला नुसतं "एष्टी". शिमग्यापर्यंत "ई" राहिलं. आता फक्त बोट करतो.

चालताना पाय फाकवून टाकतो, उंबऱ्याला अडखळतो. परवा दुधाची वाटी दोन्ही हातांनी धरली होती, खालनं कुणी धक्का दिल्यासारखी ती उडाली. वहिनी ओरडली, तो रडायला लागला. मी समोर बसले होते. त्यानं टाकली नव्हती, हातच उडाला होता.

एका ठिकाणी म्हणाले साधी मिरगी आहे, मोठा झाला की जाईल. दुसरे म्हणाले जनुकांची तपासणी करा. भाऊ म्हणतो, एवढा पैसा घालून काय निघणार? वहिनीच्या मांडीवर आठ महिन्यांची धाकटी आहे. कुणाच्या घरात असं काही झालंय का? काय विचारायचं, कुठं जायचं, सांगा.

निपाणीकर
ताई, माझा पुतण्या पण उशिरा बोलला, दोन फिट आल्या, आता बारावीला आहे. घाबरून जाऊ नका. औषधाचा पण गुण असतो, पोरं त्यानं सुस्त होतात. डोस कमी करून बघायला सांगा.

ईईजीवाली_ताई
निपाणीकर दादा, तुम्ही धीर द्यायला लिहिलंय ते कळतंय, पण इथं पटत नाही. औषधानं पोरगं सुस्त होतं, झोपाळू होतं, हे खरं. पण दोन शब्दांचा एक, एकाचं नुसतं अक्षर, अक्षराचं बोट, असं पायरी पायरीनं उतरत असेल तर ते औषधावर ढकलून मोकळं होता येत नाही. उशिरा शिकणं वेगळं, शिकलेलं जाणं वेगळं. चौदा वर्षं मी मेंदूचे आलेख, म्हणजे ईईजी, काढतेय. आईबाप खोलीत शिरतात आणि फिट किती आल्या ते सांगतात. पोराचं काय काय गेलं ते कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

ताई, तुम्ही गणपती-दिवाळी-शिमगा असं लिहिलंत ना, तसंच्या तसं एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. "चार महिन्यांपूर्वी जिना चढायचा, आता नाही." असं एकेक.

आणि व्हिडिओ काढा. फिटचा तर काढाच, पण वाटी उडते तो, चालतो तोही. पूर्ण अंग दिसू दे, नुसता चेहरा नको. लाइट लावा. चादर बाजूला करा. मधे त्याला हाक मारा, ऐकतो का ते कळतं. बायका रडत रडत पोराला छातीशी धरतात आणि व्हिडिओत फक्त पदर येतो. मोबाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

शहापूरची_अक्का
बाळ, वाचून पोटात कालवलं. सौंदत्तीला यल्लम्माला एकदा नेऊन आणा. आमच्या गल्लीतल्या पोराला तिथनं आल्यावर गुण आला. औषध चालू दे, पण आईच्या पायावर घालून या.

वडगावचा_माग
अक्का, तुमच्याशी वाद नाही, मीही जातो डोंगरावर. पण आमच्याच नात्यात देवरसपणात आठ महिने गेले. पोराच्या अंगात येतंय म्हणून लिंबू उतरवत बसले. शेवटी एकदा अर्धा तास फिट थांबली नाही, तेव्हा गाडी केली. देवाला जावं, पण जायच्या दिवशी सकाळचा डोस चुकू नये. गर्दी, उपास, जागरण, उन्हात उभं राहणं, यानं फिट येऊ शकते.

शहापूरची_अक्का
मी औषध सोडा असं कुठं म्हटलं बाबा? पण बरोबर आहे तुझं. डोस घेऊनच जावं.

मिरज_जंक्शन
मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. न बघता निदान करणार नाही, कुणी करूही नये. इथलं वाचून औषध बंद करू नका, बदलूही नका. अचानक सोडलं तर फिट थांबता थांबत नाही.

एवढं मात्र ठामपणे सांगतो. बोलायला उशीर, तिसऱ्या वर्षाच्या आसपास फिट, मग तोल जाणं, हात उडणं, शब्द जाणं, या क्रमानं जाणारं मूल समोर आलं की आम्हाला एका आजाराचा विचार करावाच लागतो. त्याचं नाव सीएलएन२, बॅटन आजारांच्या कुटुंबातला. टीपीपी१ नावाचं एक एन्झाइम शरीरात बनत नाही किंवा फार कमी बनतं. पेशीच्या आत रोजचा केर मोडून काढणारी जागा असते. हे एन्झाइम नसलं की तिथली मोरी तुंबते, आणि सगळ्यात आधी मेंदूच्या पेशी मरायला लागतात. फिट हे त्याचं दिसणारं टोक. पुढं चालणं, बोलणं, नजर, सगळंच जातं, म्हणून वेळ महत्त्वाचा.

याची पहिली तपासणी फार मोठी नाही. बोटातल्या रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवून पाठवतात आणि एन्झाइमचं काम मोजतात. कमी आलं की पांढऱ्या पेशींवर किंवा जनुक वाचून पक्कं करतात. एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसतो, पण अगदी सुरुवातीला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. "एमआरआय चांगला आहे" म्हणून थांबायचं नाही.

आणि हेच असेल असं मी म्हणत नाहीये. दुसरीही कारणं आहेत आणि त्यातली काही चक्क आवरता येतात. काही मुलांची फिट बी६ जीवनसत्त्वानं थांबते. बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांना बायोटिन हे जीवनसत्त्व पुरतं. काहींच्या मेंदूत साखर नीट पोचत नाही, त्यांना तेलातुपाचा ठरवून दिलेला आहार उपयोगी पडतो. म्हणून "साधी मिरगी" या दोन शब्दांवर फाइल बंद करू नये.

ईईजीवाली_ताई
डॉक्टरांनी लिहिलंय त्यात माझ्या कामाचं एक जोडते. ईईजीत आम्ही डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतो. घाईच्या ठिकाणी तो नुसता भराभर लावून मोकळे होतात. या आजारात मात्र अगदी सावकाश, सेकंदाला एक-दोन वेळा लुकलुकवला तर प्रत्येक लुकलुकीबरोबर मागच्या बाजूला टोकदार लाट उठते. तसा सावकाश न लावला तर ती लाट दिसतच नाही. तेव्हा चिठ्ठीवर डॉक्टरांकडनं "सावकाश दिवा" असं लिहून घ्या. टेक्निशियनला वाईट वाटणार नाही. मला तरी वाटत नाही.

आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे उठवा, म्हणजे टेबलावर आपसूक झोपेल. येताना त्याचं नेहमीचं पांघरूण आणा. आमच्या खोलीतल्या एसीला पोरं भितात.

जांबोटीचा_मध
एवढ्या चांगल्या सूचना मला आजवर कुठल्या दवाखान्यात कुणी दिल्या नाहीत. ताई, तुमच्या खोलीत येणाऱ्या पोरांसाठी जांबोटीचा मध पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

ईईजीवाली_ताई
दादा, मध नको, चिकट हातांनी वायरी ओढतात. कुंदा चालेल, तो आम्ही खाऊ.

अथणीचे_गुरुजी
मी शाळामास्तर. इथं लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

आमच्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता, ऊसतोड्यांचा. हुशार. पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर अक्षर बिघडलं. मग पाटी हातातनं पडायला लागली. लिहिता लिहिता मान एकदम खाली जायची, पुन्हा वर. जरा वेळानं पुन्हा. ठराविक अंतरानं. मी त्याला दोनदा उभं केलं, एकदा छडी मारली. मला वाटलं खोड्या करतो. पुढं तो पडायला लागला तेव्हा आईबापांनी दवाखाना गाठला. आलेख काढला, पाठीतलं पाणी काढलं, आणि त्यात गोवराविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर निघाली. वर्षाचा असताना फडावर गोवर आला होता. कडुलिंबाचा पाला बांधला, देवी म्हणून ओवाळलं, उतरला. तोच विषाणू सात-आठ वर्षं मेंदूत बसून होता. डॉक्टर त्याला एसएसपीई म्हणाले. त्याला बरं करणारं औषध नाही.

ती छडी मी विसरलेलो नाही.

ताईंच्या भाच्याचं वय बघता हे वेगळं असावं. पण इथं ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांना सांगतो, अभ्यासात घसरणारं आणि हातातनं वस्तू टाकणारं मूल म्हणजे आळशी मूल असं धरू नका. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत, दोन्ही डोस पुरे करा. २०१७ साली कर्नाटकात शाळाशाळांतनं गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा अफवांमुळं माझ्याच गावातनं कितीतरी पालक त्या दिवशी पोरांना घरी ठेवून बसले. मी दारोदार फिरलो. आता वाटतं अजून फिरायला हवं होतं.

मिरज_जंक्शन
गुरुजी, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. वय लहान असताना गोवर झाला की हा धोका जास्त असतो, विशेषतः दोन वर्षांच्या आत. आणि ते ठराविक अंतरानं मान पडणं हीच त्याची खूण. तुमच्यासारखं बारीक बघून सांगणारा माणूस भेटला की आमचं अर्धं काम होतं.

रानपाखरू
आमच्या मावसबहिणीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. झोपेतनं उठलं की हात पुढं घेऊन मान वाकवायचं, सात-आठ वेळा, ओळीनं. घरात सगळे म्हणायचे, बाळ नमस्कार करतंय. व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. त्यात एक नर्स होती, तिचा उलटा फोन आला, आजच दवाखान्यात न्या. ती फिटच होती. लवकर कळलं म्हणून इंजेक्शनांनी आवरली. आता ते बाळ बालवाडीत जातं. अजून थोडं मागं आहे, पण जातं.

निपाणीकर
मी पहिल्यांदा लिहिलं ते चुकलं म्हणायला हरकत नाही. पण एक प्रश्न मनापासून विचारतो, रागावू नका. समजा मिरजकर डॉक्टर म्हणतात तो आजार निघाला आणि त्याला उपायच नसला, तर नाव कळून काय मिळवायचं? घरातलं सोनं मोडून कागदावर नाव आणायचं का?

दोन_पाखरं
निपाणीकर दादा, या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

माझा पहिला मुलगा गेला. साडेसहा वर्षांचा होता. पाच वर्षं आम्ही बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी फिरलो, पण आजाराला नाव मिळालं नाही. नाव नव्हतं म्हणून सगळ्यांनी मला नावं ठेवली. गरोदरपणात ग्रहण बघितलं. लोखंडी कपाटाशी काम केलं. माहेरकडचं काहीतरी आहे. सासूबाई तोंडावर म्हणायच्या, "तुझ्या कुशीतच खोट." माझे यजमान माझे आतेभाऊ, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. तरी.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा एका डॉक्टरबाईंनी थांबवलं. पहिल्याच्या रक्ताचा ठेवलेला नमुना होता, तो बेंगळूरला पाठवला. जनुकात दोष निघाला, एक माझ्याकडनं आलेला, एक यजमानांकडनं. आम्ही दोघंही धडधाकट, कारण आमच्याकडं एकेकच. दोन्ही एकत्र आले तरच मूल आजारी. प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता. त्या दिवशी ते सासूबाईंना समोर बसवून कागदावर काढून दाखवलं. आजी-आजोबा, त्यांच्या खाली आत्या आणि माझे बाबा, त्यांच्या खाली आम्ही दोघं. त्या बराच वेळ कागद बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्याच घरातलं." त्यानंतर एकदाही मला बोलल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी केली. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पोरगी चांगली निघाली. आता दुसरीत आहे.

पहिला परत आला नाही. नाव कळलं असतं तरी तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण पाच वर्षं मी स्वतःला दोषी धरलं, ती पाच वर्षं मला त्याच्याजवळ नुसतं बसता आलं असतं.

ताई, तुमच्या वहिनी नात्यातल्या आहेत का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटून गेलं.

मलप्रभाकाठची
हो. वहिनी आमच्या मामाची मुलगी. आईनंच भावाची लेक घरात आणली.

तुमचं वाचून भावाला हाक मारली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. तो काही बोलला नाही, अंगणात गेला. मग येऊन म्हणाला, कधी जायचं?

मिरज_जंक्शन
नात्यातलं लग्न म्हणजे आजार होणारच असं नाही. हजारो घरांत काही होत नाही. पण घराण्यात असा दोष लपलेला असला तर दोघांकडं तोच असण्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाची मुलगी, कानडी घरांत मामा-भाची, हे चालत आलेलं आहे. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका. आणि धाकटीचंही सांगा.

उपायाबद्दल. सीएलएन२ निघाला तर उपायच नाही असं आता राहिलेलं नाही. अमेरिका आणि युरोपात २०१७ साली त्या एन्झाइमचं औषध मंजूर झालं. डोक्याच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवून, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, दर दोन आठवड्यांनी चार-साडेचार तास सोडतात. गेलेलं परत आणत नाही, पण घसरण बऱ्याच मुलांत मंदावते. म्हणून जितकं शाबूत असताना सुरू होईल तितकं बरं. अमेरिकेत आधी ते तीन वर्षांपुढच्यांनाच होतं, २०२४ साली तिथं त्याहून लहानांनाही परवानगी मिळाली. खर्च साध्या घराला झेपणारा नाही, हे स्पष्ट सांगतो. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं २०२१ चं धोरण आहे, त्याखाली ठरलेल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती नेमलेल्या केंद्रांतूनच. बेंगळूरला आहे, मुंबईत केईएमला आहे. कुठला आजार त्यात बसतो ते तिथंच विचारा.

आणि एक. हात उडणाऱ्या फिटमध्ये काही नेहमीची औषधं उलटी पडतात, झटके वाढवतात. म्हणून हात उडतात हे डॉक्टरांना वेगळं सांगायचं, मोठ्या फिटबरोबर मिसळायचं नाही.

वडगावचा_माग
बेंगळूरला जाणार असाल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची बरी, सकाळी उतरता. खालची बर्थ मागा. पोराला खिडकीकडं नको, भिंतीकडं झोपवा. निम्हान्सला, म्हणजे तिथल्या मेंदूच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, सकाळी लवकर रांग धरावी लागते. आणि बरोबर कानडी लिहिता-वाचता येणारा एक माणूस न्या. डॉक्टर हिंदी-इंग्रजी बोलतात, पण खिडकीवरची चिठ्ठी, योजनेचा अर्ज कानडीत. आमच्या मेव्हण्याचा एक अख्खा दिवस एका शिक्क्यापायी गेला.

जांबोटीचा_मध
महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं २०२३ साली जाहीर झालं होतं ना? त्यातनं कुणाला काही मिळालं का?

वडगावचा_माग
दादा, त्या विषयावर वेगळा धागा काढा, मी तिथं पानभर लिहीन. इथं पोराचं चाललंय.

ईईजीवाली_ताई
आणि प्रवासात फिट आली तर, सगळ्यांसाठीच लिहिते. कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय किल्लीला जातं. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांकडनं लिहून घ्या आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

मलप्रभाकाठची
सात आठवड्यांनी लिहितेय. जाऊन आलो. रक्ताचा कागद पाठवला होता. एन्झाइम जवळजवळ नाहीच. जनुकाचा रिपोर्टही तेच म्हणतो. सीएलएन२.

डॉक्टरीणबाईंनी दोन तास दिले. गणपती-दिवाळीचा कागद त्यांनी फाइलला लावून घेतला. व्हिडिओ तीन वेळा बघितला. सावकाश दिवा लावल्यावर लाटा उठल्या, पडद्यावर मलाही दिसल्या, ईईजीवाली ताई. एक औषध कमी करून दुसरं दिलंय, हात उडणं निम्म्यावर आलंय. त्या एन्झाइमच्या औषधासाठी नेमलेल्या केंद्राकडं कागद घातलेत. काय होईल ते होईल. रोज हातापायांचा व्यायाम आणि गिळण्याचा व्यायाम शिकवलाय, तो भाऊ करून घेतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आई पहिले दोन दिवस जेवली नाही. "मीच आणली भावाची पोर," एवढंच म्हणत राहिली. दोन_पाखरं ताई, तुमचा तो कागद मी तिला काढून दाखवला. वहिनीनं तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर नेते. गाडी शिरली की बोट करतो. मी मोठ्यानं म्हणते, "एष्टी आली." तो माझ्या तोंडाकडं बघतो.

धाकटीचं रक्त येत्या गुरुवारी घेणार आहेत.

दोन_पाखरं
ताई, गुरुवारी वहिनींबरोबर कोण आहे? मी येऊ शकते. पोरीला शाळेत सोडून पहिली गाडी धरली तर साडेदहाला खानापुरात असेन. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.